करिअर निवडताना घरचा पैसा आणि घरचा पाठिंबा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बँकेच्या कर्ज विभागात मी सतरा वर्षं काढली, त्यातली बहुतेक तालुक्याच्या शाखांत. जून-जुलै आला की टेबलासमोर बापलेक, मायलेकी येऊन बसायच्या. आता निवृत्त आहे, तरी गावातले आणि नात्यातले लोक तेच प्रश्न घेऊन घरी येतात. दरवेळी तोंडी सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढलं. प्रश्न त्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत.

कोर्स आवडीनं निवडायचा की घरची परिस्थिती बघून?

कोर्स आवडीनं निवडा. कॉलेज ठरवण्याआधी मात्र घरचा आकडा माहीत करून घ्या. मुलं या दोन्ही गोष्टी एका दमात ठरवतात आणि तिथंच गडबड होते.

इंजिनिअरिंगचंच घ्या. बारावी आणि सीईटी करून सरकारी कॉलेज, खासगी विनाअनुदानित कॉलेज, खासगी विद्यापीठ, किंवा दहावीनंतर पॉलिटेक्निक करून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. डिग्री एकच, पण खर्चात जमीन-अस्मानाचा फरक. पॉलिटेक्निकच्या वाटेनं तीन अधिक तीन, बारावीच्या वाटेनं दोन अधिक चार; वर्षं दोन्हीकडे सहाच लागतात. पण पॉलिटेक्निकवाल्याच्या हातात तीन वर्षांनी डिप्लोमाचा कागद असतो. मध्येच घरी कोणी आजारी पडलं, पाऊस गेला, दुकान बसलं, तर त्याला नोकरी धरता येते. बारावीवाला तेव्हा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात असतो आणि त्याच्याकडे दाखवायला काही नसतं. ज्या घरात उत्पन्नाचा भरवसा नाही तिथं हा फरक फार मोठा आहे. तरी पॉलिटेक्निक म्हटलं की पाहुण्यांमध्ये नाकं मुरडली जातात. पाहुणे फी भरणार नाहीत.

घरी पैशाचं विचारलं की बाबा म्हणतात, "तू अभ्यासाचं बघ, पैशाचं मी बघतो." मग आकडा कळणार कसा?

या एका वाक्यानं जितकी घरं अडचणीत आलेली पाहिली, तितकी नापास झाल्यानं नाही.

एक गृहस्थ मुलाला घेऊन आले होते. दूध डेअरीवर नोकरी, दीड एकर शेती. मुलाचं खासगी कॉलेज ठरलेलं, पहिल्या वर्षाची फी भरून झालेली, आता पुढच्या वर्षांसाठी कर्ज हवं होतं. कागदपत्रं साडीच्या दुकानाच्या पिशवीत होती. मी एकेक काढत गेलो. पतसंस्थेचं पासबुक, सोसायटीच्या पीककर्जाचा उतारा, सोनेतारणाच्या दोन पावत्या. दुसऱ्या पावतीवरची तारीख फी भरली त्याच्या आदल्या दिवसाची. मुलानं ती पावती उचलली, वजनाचा रकाना वाचला आणि विचारलं, "आईच्या पाटल्या?" वडील पंख्याकडे बघत बसले. मुलगा काही उधळ्या नव्हता. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. त्याच ब्रँचला सरकारी कॉलेजात जागा मिळत होती, फक्त ते गाव लांब होतं म्हणून त्यानं सोडली होती.

तेव्हा "पैसे आहेत का?" असं विचारू नका. त्याला कोणताही बाप "आहेत" असंच म्हणतो. "वर्षाला किती जमतील आणि किती वर्षं जमतील?" असं विचारा. आई-वडील दोघं समोर असताना विचारा, कारण भिशी, बचत गट, माहेरून आलेले पैसे आणि दुकानदाराची उधारी हे सगळं आईला जास्त नेमकं माहीत असतं. जेवताना नको, पाहुणे असताना तर मुळीच नको. आधी तुमचा खर्च वहीच्या डाव्या पानावर मांडून न्या आणि उजवं पान त्यांच्यापुढे कोरं ठेवा. चालू हप्ते किती आणि कधी संपणार, निवृत्ती कोणत्या वर्षी, घरात कोणाचं औषधपाणी कायमचं आहे का, पाठच्या भावंडाचं कॉलेज कधी सुरू होणार, एवढं त्या पानावर आलं तरी पुष्कळ. वडील राज्य सरकारच्या नोकरीत असतील आणि ५८ व्या वर्षी निवृत्त होणार असतील, तर तुमचं तिसरं वर्ष नेमकं त्याच साली येतं का, हे आजच बघता येतं.

पहिल्यांदा चिडतील. दोन दिवस जाऊ द्या. बहुतेक वडील तिसऱ्या दिवशी स्वतःहून वही मागतात.

फीचा आकडा माहितीपत्रकात असतोच. आणखी काय धरायचं?

खोलीचं डिपॉझिट, कॉटबेसिसचं भाडं, मेस (तुम्ही दिवाळीत घरी असलात तरी बऱ्याच मेसवाल्या काकू महिन्याचे पूर्ण घेतात), लॅपटॉप, परीक्षा फॉर्म, एसटीचा खर्च, शेवटच्या वर्षी दुसऱ्या शहरातली इंटर्नशिप. कॉलेजच्या ऑफिसात चौकशी करण्यापेक्षा तुमच्याच तालुक्यातला, त्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असलेला मुलगा गाठा आणि एकच विचारा: "महिन्याला घरून किती मागवतोस?"

शैक्षणिक कर्ज घ्यावं का?

घ्यावं, पण हप्ता आज काढून बघावा. "नोकरी लागल्यावर फेडू" हा काही हिशेब नाही.

समजा चार वर्षांचा कोर्स आहे, दर वर्षी दोन लाख, म्हणजे आठ लाख. व्याज १० टक्के धरू. हप्ता सहसा कोर्स संपल्यावर एक वर्षानं सुरू होतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून चालू असतं. या काळात सरळव्याज लागतं. पहिल्या वर्षीच्या दोन लाखांवर पाच वर्षांचं व्याज एक लाख, दुसऱ्या वर्षीच्यावर ८० हजार, मग ६०, मग ४०. एकूण २ लाख ८० हजार. म्हणजे हप्ता सुरू होतो तेव्हा डोक्यावर आठ नव्हे, १० लाख ८० हजार असतात. दहा वर्षांत फेडायचं म्हटलं तर महिन्याला साधारण १४,२७० रुपये. आता तुमच्या शाखेतल्या मुलांना पहिली नोकरी कितीची लागते ते विचारून या. कॉलेज सांगतं तो सर्वांत मोठ्या पॅकेजचा आकडा सोडून द्या, वर्गातल्या मधल्या मुलाचा पगार विचारा. पगार २२ हजार असेल आणि पुण्यात राहायचं असेल, तर हा हप्ता तुम्ही भरणार नाही, बाबा भरणार.

शिकतानाच निदान व्याज भरत गेलात तर हा डोंगर वाढत नाही. पहिल्या वर्षी ते महिन्याला १,६६७ रुपये होतं. शिकवण्या घेणाऱ्या मुलालाही जमण्यासारखं. असं व्याज भरणाऱ्याला काही बँका दरात एक टक्का सवलतही देतात.

तारणाचं म्हणाल तर साडेसात लाखांपर्यंत सहसा तारण मागत नाहीत, आई किंवा वडील सहकर्जदार लागतात. त्यापुढे घर, प्लॉट, मुदत ठेव असं काहीतरी द्यावं लागतं. केंद्रानं नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत ठरावीक नामांकित संस्थांमध्ये गुणवत्तेवर प्रवेश मिळालेल्यांना विनातारण, विनाजामीन कर्ज मिळतं. घरचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल आणि दुसरी शिष्यवृत्ती किंवा व्याजसवलत घेत नसाल, तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या काळात व्याजात तीन टक्क्यांची मदत मिळू शकते. मॅनेजमेंट कोट्यातल्या प्रवेशाला हे लागू नाही. कॉलेजचं नाव त्या यादीत आहे का, हे प्रवेश घेण्याआधी बघा.

व्याज भरायला सुरुवात केली की त्यावर आठ वर्षं आयकरात वजावट मिळते, पण जुनी करप्रणाली निवडली तरच.

बाबांचा सिबिल (कर्जफेडीच्या सवयीचा गुणांक) खराब आहे. कर्ज मिळेल का?

अवघड जातं, पण आई, मोठा भाऊ किंवा नोकरीतला काका-मामा सहकर्जदार म्हणून चालतो का ते शाखेत विचारा. त्या नातेवाइकाला मात्र आधी स्पष्ट सांगा की तुमचा हप्ता थकला तर त्याचाही सिबिल पडतो आणि उद्या त्याचं घराचं कर्ज अडतं. सही घेताना लोक हे सांगत नाहीत, आणि मग लग्नकार्यात बोलणं बंद होतं.

वडील म्हणतात, "एक तुकडा विकू, पण तुला शिकवू."

भावना समजते. आधी सातबारा काढा. "इतर हक्क" या रकान्यात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा आहे का ते बघा. वडिलोपार्जित जमीन असेल तर आत्यांची नावं लागलेली असतात; त्यांच्या सह्यांशिवाय व्यवहार होत नाही, आणि सह्या मागायला गेलं की वीस वर्षांपूर्वीचे मानपान निघतात. या सगळ्याला सहा महिने सहज जातात. फीची तारीख मात्र पंधरा दिवसांवर असते. घाईत विकणाऱ्याला भाव मिळत नाही, हे गावातल्या घेणाऱ्याला पक्कं माहीत असतं.

शेतजमीन तारण ठेवून शैक्षणिक कर्ज मागायला येणारेही पुष्कळ. बँका नाखूश असतात, त्याचं कारण साधं आहे: थकीत कर्जाची वसुली ज्या सरफेसी कायद्यानं होते, तो शेतजमिनीला लागू नाही. म्हणून साहेब "बिगरशेती प्लॉट आहे का?" असं विचारत राहतात.

माझं मत विचाराल तर ज्या जमिनीवर घर चालतं ती विकून कोर्स करू नये, मग तो कोणताही असो. पडीक तुकडा किंवा गावठाणातली जागा असेल तर निराळं.

शिष्यवृत्तीवर भिस्त ठेवता येईल का?

बऱ्यापैकी, पण तीन गोष्टी ध्यानात घ्या.

पहिली, बहुतेक सवलती कॅप फेरीतून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, मिळालेल्या प्रवेशालाच आहेत. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या शिक्षण शुल्कात निम्मी सवलत मिळते, पण संस्थास्तरावर किंवा मॅनेजमेंट कोट्यातून गेलात की ती हुकते. "हवं तेच कॉलेज" म्हणून कॅपमधली जागा सोडणाऱ्यांना हे नंतर कळतं.

दुसरी, मोफत म्हणजे शून्य रुपये नव्हे. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. चांगलाच निर्णय. पण विकास निधी, वसतिगृह, मेस हे घरूनच, आणि खासगी व अभिमत विद्यापीठं यात नाहीत.

तिसरी, पैसे उशिरा येतात. महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर, अर्ज भरला, मंजूर झाला, आणि हप्ता पुढच्या वर्षी खात्यावर आला, असं होतं. तोवरची रक्कम कुठून आणायची ते ठरवून ठेवा.

राहण्या-जेवणासाठी अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना स्वाधार, आदिवासी विद्यार्थ्यांना स्वयम, नोंदणीकृत मजूर आणि अल्पभूधारकांच्या मुलांना पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता अशा योजना आहेत. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, नॉन-क्रीमी लेयर हे मार्च-एप्रिलमध्येच काढून ठेवा. निकालानंतर सेतू केंद्रावर रांग लागते आणि तेव्हाच सर्व्हर बसतो.

एमपीएससी करायची आहे. घरचे किती वर्षं थांबतील?

हा प्रश्न घरच्यांना विचारा आणि उत्तर सालात घ्या. "बघू" हे उत्तर धरू नका.

राज्यसेवेला खुल्या गटाची वयोमर्यादा ३८ आहे, मागासवर्गीयांना ४३. आयोगानं एवढी मुभा दिली म्हणजे घरानं दिली असं होत नाही. सदाशिव पेठेत नि नारायण पेठेत अभ्यासिकेची खुर्ची, कॉट, मेस आणि क्लास असे चार खर्च दर महिन्याला चालू असतात, आणि पूर्व, मुख्य, मुलाखत, निकाल, नियुक्ती यात एका प्रयत्नाची दोन-दोन वर्षं निघून जातात. वाईट याचं वाटतं की मुलं हुशार असतात. दोन गुणांनी हुकलेला मुलगा थांबायचं नाव घेत नाही, आणि घरचेही त्याला थांब म्हणायला धजत नाहीत.

पुण्याला जाण्याआधी वर्ष ठरवा, म्हणजे "२०२८ च्या मुख्य परीक्षेपर्यंत" असं. आणि त्या दिवशी हातात दुसरं काय असेल तेही: बी.एड., तलाठी-लिपिकाची परीक्षा, आधीच्या पदवीची नोकरी. बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या प्रशिक्षणाला आणि विद्यावेतनाला तुम्ही बसता का ते बघा. निवड झाली तर घरावरचा भार बराच उतरतो. तयारी गावच्या वाचनालयातही होते. सगळ्यांची होत नाही, हेही खरं.

घरचे पैसे द्यायला तयार आहेत, पण मला हवं त्याला नाही. नाटक, चित्रकला, खेळ म्हटलं की नाही.

इथं पैशाचा आणि पाठिंब्याचा प्रश्न वेगवेगळा करा. पुष्कळ आई-वडिलांचा विरोध कलेला नसतो. या क्षेत्रात पैसा कुठून आणि कधी येतो, हे त्यांना दिसत नाही. चित्रकलेचं म्हणालात तर त्यांना कमर्शिअल आर्ट, ॲनिमेशन, शाळेतली कलाशिक्षकाची नोकरी असं नावानिशी दाखवा. त्या कामावर जगणाऱ्या एखाद्या माणसाशी, शक्यतो आपल्याच भागातल्या, वडिलांची गाठ घालून द्या. आमच्या शेजारच्या मुलीनं वडिलांना सांगलीला एका नेपथ्यकाराच्या वर्कशॉपमध्ये नेलं. वडील सुतार. दोघं प्लायवूडच्या भावावर तासभर बोलले आणि येताना वडील म्हणाले, "काम आहे हे." भाषण देऊन हे झालं नसतं.

तरीही नाही म्हणाले तर दोन वर्षं स्वतःच्या कमाईवर करून दाखवणं हाच मार्ग उरतो. तो कष्टाचा आहे.

माझ्या लग्नासाठी पैसे बाजूला ठेवलेत, शिक्षणासाठी नाहीत म्हणतात.

मग पैसे आहेत, हे तरी कळलं. भांडू नका, तो आकडा विचारा. नंतर नर्सिंग, डी.फार्म., बी.एड., लॉ, जे हवं त्याची वर्षांची फी त्याच्याशेजारी लिहा. एकदम सगळं मागितलं तर नाहीच म्हणतील, पहिल्या वर्षाचं मागा. वरच्या फी माफीचा शासन निर्णय छापून न्या. आजी किंवा आत्या तुमच्या बाजूनं असेल तर बैठकीला तिला आधी बसवा. नोकरी करणाऱ्या मुलीच्या घरात हप्त्याला हातभार लागतो, हे आता स्थळं बघणाऱ्यांनाही कळतं, आणि मला हे कारण आवडत नसलं तरी ते उपयोगी पडतं.

दादावर सगळा खर्च झाला. माझ्या वेळी काही उरलं नाही.

तक्रार खरी आहे. दादा कमावता झाला असेल तर घरच्या बैठकीत त्याला बसवा आणि त्यानं तुमचं काय उचलायचं ते ठरवा, मेस असो की एका वर्षाची फी. तोंडी नको. आणि तुम्ही दादा असाल, तर हा प्रश्न दोन वर्षं आधी स्वतःहून काढा.

घरी आत्ताच पैसा हवा आहे. शिक्षण सोडू का?

सोडू नका, पद्धत बदला. आयटीआयनंतरच्या शिकाऊ उमेदवारीत कायद्यानं विद्यावेतन मिळतं. सीएच्या वाटेत आर्टिकलशिप असते, ती २०२३ च्या नव्या योजनेपासून दोन वर्षांची झाली, आणि तिथंही विद्यावेतन असतं. शिवाय सीएची फी इतर व्यावसायिक कोर्सच्या मानानं कमी आहे. परीक्षा कठीण, ती सूट कोणाला नाही. नोकरी करत पदवी घ्यायची तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे.

कमवा आणि शिका तर आपल्याकडचंच. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज उभं केलं, ते याच तत्त्वावर. आज बऱ्याच कॉलेजांत ही योजना असते: वाचनालयात, बागेत, ऑफिसात रोजचे काही तास. पैसे फार नाहीत, पण मेसचा काही भाग सुटतो. जागा मोजक्या, म्हणून कॉलेज सुरू झाल्याच्या पहिल्या आठवड्यात अर्ज द्या.

आम्ही पालक आहोत. परवडत नाही हे मुलाला सांगायचं कसं?

आकड्यात सांगा, आणि बारावीच्या निकालाआधी सांगा. "आपल्याच्यानं होणार नाही" असं ऐकलं की मूल ते स्वतःच्या कुवतीबद्दल समजतं. "वर्षाला ९० हजार जमतील, चार वर्षं, वर काही नाही" असं सांगितलं की ते कॉलेजांची यादी काढायला बसतं. पीएफ मोडणार असाल तर निवृत्तीनंतर तुमचं कसं चालणार हेही मुलासमोरच मांडा, कारण तो खर्च शेवटी त्याच्याकडेच येणार आहे. आणि शेजाऱ्याच्या मुलीचं पॅकेज मध्ये आणू नका.

नोकरी लागल्यावर घरी किती द्यायचे?

कर्ज असेल तर पहिला हप्ता त्याचा, पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप कापला जाईल असा लावून टाका. त्यानंतर घरी ठरावीक रक्कम, छोटी का असेना, पण दर महिन्याला एकाच तारखेला. सणाला एकदम वीस हजार पाठवून मग चार महिने काहीच न पाठवणाऱ्यापेक्षा महिन्याला तीन हजार पाठवणाऱ्याच्या आईला वाणसामानाचं ठरवता येतं. त्या डेअरीवाल्यांच्या मुलाला पुढे चाकणला नोकरी लागली. पहिल्या दिवाळीला तो शाखेत आला, सोनेतारणाचे उरलेले पैसे भरले आणि पुडी न उघडताच खिशात घातली. मी म्हटलं, वजन तपासून घे, नियम आहे. तर म्हणाला, "साहेब, आईसमोर उघडतो."